चित्रपटाचे संगीत नाटक करावे का? गोव्यातील नाट्यमंडळांचे आणि निर्मात्यांचे नेहमीचे प्रश्न

चित्रपट कंपन्यांनी आपल्या चित्रपटांची संगीत नाटके करावीत का?

करावीत, पण एका अटीवर. चित्रपट मोडायची त्यांची तयारी हवी. पडद्यावरचे जसेच्या तसे मंचावर उभे करायचे असेल तर करू नयेत. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या खिशात तोच चित्रपट फोनवर असतो, आणि त्याला तो मंचापेक्षा चांगला दिसतो.

ब्रॉडवेवरचे १९९७ सालचे 'द लायन किंग' घ्या. १९९४ चा मूळ चित्रपट जेमतेम दीड तासाचा, ८८ मिनिटांचा. नाटक अडीच तासांचे. दिग्दर्शिका ज्युली टेमॉर यांनी प्राण्यांचे मुखवटे नटांच्या चेहऱ्यावर न चढवता डोक्याच्या वर बसवले, त्यामुळे प्राणी आणि माणूस दोन्ही एकदम दिसतात. रफिकी हे पुरुषपात्र स्त्री केले. चित्रपटात नसलेली गाणी घातली, आफ्रिकी समूहगान वाढवले. चित्रपटाचा सांगाडा राहिला, मांस नवे चढले. कंपनीने ते होऊ दिले, हाच त्यातला धडा.

मग पैसा बुडतो तो कुठे?

यंत्रांत. न्यूयॉर्कच्या 'स्पायडर-मॅन' संगीत नाटकावर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च झाले. रीतसर उद्घाटनापूर्वी १८२ पूर्वप्रयोग झाले, हवेत उडण्याच्या दृश्यांत नट जखमी झाले, आणि २०१४ च्या जानेवारीत ते तोट्यात बंद पडले. पडद्यावर उडणे संगणकावर होते, मंचावर ते दोरीने. दोरी दिसली की भ्रम जातो आणि दोरी अडकली की प्रयोग थांबतो. दिग्दर्शिका इथेही आधी टेमॉरच होत्या. म्हणजे प्रतिभा तीच, पण मंचाला न पेलणारी गोष्ट हाती आली की तीही हतबल.

गाणी आहेत म्हणजे चित्रपट संगीत नाटकाला लायक, असे नाही का?

नाही. मराठी आणि हिंदी चित्रपटांत पाच-सहा गाणी असतातच. प्रश्न असा की गाणे काढून टाकले तर गोष्ट अडते का? बहुतेक चित्रपटांत अडत नाही. तिथे गाणे म्हणजे विसावा किंवा प्रवास. नायक-नायिका डोंगरावर जातात, चार साड्या बदलतात, परत येतात, आणि कथा होती तिथेच असते. संगीत नाटकात पद संपते तेव्हा पात्र कुठे तरी पोचलेले लागते: निर्णय झालेला, राग उतरलेला, गुपित फुटलेले.

परीक्षा सोपी आहे. प्रत्येक गाण्यापुढे एका वाक्यात लिहा, 'या गाण्यानंतर काय बदलले?' सहापैकी चार रकाने रिकामे राहिले तर एक तर चित्रपट बदला, नाही तर नवी गाणी लिहून घ्या. मॅंचेस्टर आणि सॅन दिएगोला झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'च्या नाट्यरूपाने नवी इंग्रजी गाणी घेतली ती याचसाठी, आणि ते बरोबरच होते. सॅन दिएगोत २०२२ साली त्यांनी नायकच गोरा अमेरिकी केला, त्यावर मात्र टीका झाली. मोडायचे ते भिंत मोडावे, तुळई नव्हे.

आपल्याकडे नाटकाचा चित्रपट होतो. उलटी वाट कशाला?

उलटसुलट ये-जा जुनीच आहे. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, पण त्याआधी इम्तियाज अली ताज यांचे 'अनारकली' हे नाटक १९२२ सालचे. त्याच चित्रपटाचे २०१६ मध्ये फिरोज अब्बास खान यांनी संगीत नाटक केले. गाणी नटनट्या मंचावर प्रत्यक्ष गात होत्या आणि कथ्थक नर्तिकांचा ताफा होता. म्हणजे नाटक, चित्रपट, पुन्हा नाटक.

गोव्याला याचे अप्रूप वाटायचे कारण नाही. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चे नाटक. त्याचे संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. चित्रपट आला २०१५ साली. हे नाटक आपण मंचावरून पडद्यावर जाताना पाहिले. त्यात काय वाढले आणि काय गेले याची यादी केली तर उलट्या प्रवासाची अर्धी शिकवणी होते. पडद्याने महाल, गर्दी आणि जवळून टिपलेले चेहरे दिले. मैफल आटोपशीर झाली. परत येताना महाल आणि गर्दी सोडावी लागेल, मैफल परत वाढवावी लागेल.

बोलपटाने एकदा संगीत नाटक मारले. आता चित्रपटच नाटकात आले तर नव्या संहिता कोण लिहील?

भीती रास्त आहे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत संगीत मंडळ्या एकेक करून मिटल्या. मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीलाही ती झळ लागली. बाजारात ओळखीचे नाव विकले जाते, नवे विकले जात नाही, हे तेव्हाही होते.

तरीही आमचे मत असे की खरा तोटा कलावंताचा नसून तारखांचा आहे. नाट्यगृहांच्या चांगल्या शनिवार-रविवारच्या तारखा मोठ्या निर्मितीने अडवल्या की स्थानिक मंडळाला मंगळवार मिळतो. पणजीची कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे, साखळी आणि बायणा इथली रवींद्र भवने: मोजकीच दारे. बाहेरची निर्मिती आणताना तारखांची ही वाटणी आधी ठरवावी. नुसता 'आक्रमण' म्हणून ओरडून काही होत नाही.

हक्क कोणाकडून घ्यायचे? निर्मात्याचे एक पत्र पुरे का?

पुरे नाही. नव्वद टक्के घोळ इथेच होतो. कायद्याच्या नजरेत चित्रपट ही एक वस्तू, आणि त्याच्या पोटातल्या गोष्टी वेगळ्या वस्तू. स्वामित्व हक्क कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. निर्मात्याला हे विचारा:

कथा आणि पटकथा कोणाची, आणि रंगमंचासाठी रूपांतराचा हक्क लेखकाने करारात दिला आहे का? मूळ कादंबरी असेल तर कादंबरीकाराचे किंवा वारसांचे काय?

संवाद वेगळ्या माणसाने लिहिले आहेत का? मराठीत पुष्कळदा असतात.

गीते कोणाची, चाल कोणाची, आणि ती कोणत्या संगीत कंपनीकडे आहे?

ध्वनिमुद्रण कोणाचे? मूळ ट्रॅक वाजवणार असाल तर हा चौथा, स्वतंत्र हक्क. गाणे स्वतः गाऊन वाजवणार असाल तर हा लागत नाही, पण गीत आणि चाल यांचा लागतोच.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा करारानेही सोडून देता येत नाही. म्हणून 'निर्मात्याने सगळे घेऊन टाकले आहे' या वाक्यावर विसंबू नका. आणि करारात 'बदल करण्याची मुभा' हे कलम लिहून घ्या: पात्रे कमी करणे, प्रसंगांचा क्रम बदलणे, नवी गाणी घालणे. ते नसेल तर पहिल्या तालमीतच पत्र येते की अमुक दृश्य तसेच हवे, आणि मोडायचा अधिकारच जातो.

जुना चित्रपट आहे, साठ वर्षे उलटली. मोकळा झाला ना?

चित्रपट मोकळा झाला असेल. प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हा हिशेब चित्रपटाचा. १९६३ सालचा चित्रपट २०२३ अखेर मोकळा झाला. पण गीत, चाल आणि पटकथा यांचा हिशेब लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असा चालतो. १९६३ च्या चित्रपटाचा गीतकार १९९० ला वारला असेल तर त्याचे शब्द २०५० अखेरपर्यंत बांधलेलेच.

देवळाच्या जत्रेत, तिकीट न लावता, हौशी मंडळाने केले तर?

कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, नाट्यकृती किंवा संगीतकृती सादर केली तर तो भंग धरला जात नाही. गोव्याच्या उत्सवी रंगभूमीला हे कलम जणू मोजून शिवले आहे. पण नीट वाचा. सवलत कृती सादर करण्याला आहे. चित्रपट फोडून त्याचे नवे नाटक लिहिणे ही वेगळी क्रिया, तिला या सवलतीची ढाल मिळेल असे गृहीत धरू नका. छापील नाटकाचा उत्सवी प्रयोग आणि स्वतः केलेले रूपांतर यांत हा फरक आहे. प्रायोजकाची मोठी जाहिरात, प्रवेशिकेवर 'देणगी' असा छापील आकडा, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चित्रफीत: यांतले काहीही आले की सवलत डळमळते.

एक नेहमीची चूक: 'कट्यार'चा हौशी प्रयोग रीतसर परवानगीने करायचा, आणि नांदीनंतर चित्रपटातले नवे गाणे घालून टाळ्या घ्यायच्या. नाटकाची परवानगी चित्रपटाच्या गाण्याला चालत नाही.

चित्रपटातून संहिता काढायची तरी कशी?

आधी चित्रपट दोनदा पाहा. पहिल्यांदा थांबवत, दुसऱ्यांदा न थांबवता. पहिल्या वेळी तक्ता करा: प्रसंग क्रमांक, ठिकाण, दिवस की रात्र, पात्रे, आणि शेवटच्या रकान्यात 'काय बदलले'. सव्वादोन तासांच्या चित्रपटात सत्तर ते शंभर प्रसंग निघतात. मंचावर बारा ते सोळा प्रवेश पेलतात, त्याहून जास्त केलेत तर प्रेक्षक अंधारच जास्त पाहतो.

मग ठिकाणे एकवटा. नायकाचे घर, कचेरी, बसस्टँड, देऊळ, समुद्रकिनारा, इस्पितळ अशी सहा ठिकाणे असतील तर त्यातली तीन निवडा. बाकीचे प्रसंग त्या तिघांपैकी एकात हलवा. इस्पितळातली बातमी घरी फोनवर येऊ शकते, बसस्टँडवरची ताटातूट देवळाच्या पायरीवर चालते. एकही प्रसंग हलत नसेल तर तो बहुधा दृश्यासाठीच होता, टाकून द्या.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड: जवळून टिपलेला चेहरा काढायचा. चित्रपटात दहा सेकंदांच्या नजरेत जे कळते ते पंधराव्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही. तिथे पद, नाही तर दुसऱ्या पात्राची एक नेमकी ओळ. स्वगतांचा भडिमार नको. संगीत नाटकाने आपल्याला पद दिले ते याच कामाला.

चौथे, वाचन. बसून, स्टॉपवॉच लावून, गाणीही म्हणून. पहिला मसुदा हमखास तीन तासांवर जातो. उघड्यावर प्रयोग असेल तर याला फार महत्त्व, कारण पुढचा प्रश्न.

जत्रेतले नाटक रात्रभर चालते, मग वेळेची घाई कसली?

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. अडीच तासांचा प्रयोग साडेसातला सुरू केला तर १० ला संपतो, आणि आपल्याकडे साडेसातला पडदा वर गेल्याचे कोणाला आठवते? पावणेतीन तासांचे संगीत नाटक घेऊन देवळाच्या मांडवात जाऊ नका. दोन तासांची, एका मध्यंतराची आवृत्ती वेगळी ठेवा. बंद नाट्यगृहात ही अडचण नाही.

गाणी ट्रॅकवर की जिवंत साथीवर?

जिवंत. कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. ट्रॅक थांबत नाही. नट ओळ विसरला, पडदा अडकला, मांडवात कोणी फटाका लावला, तरी ट्रॅक पुढे पळतो. हार्मोनियमवाला एक आवर्तन थांबतो. आणि आपला प्रेक्षक वन्समोअर देणारा आहे. ट्रॅकवर वन्समोअर घेतला की पुढच्या प्रकाशाच्या, पार्श्वसंगीताच्या सगळ्या खुणा सरकतात आणि संगणकावर बसलेल्या मुलाला घाम फुटतो.

किमान ताफा: ऑर्गन किंवा हार्मोनियम, तबला, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एक व्हायोलिन किंवा बासरी. जमले तर बास गिटार. चित्रपटाच्या वाद्यवृंदातले पन्नास व्हायोलिन आणायचा मोह टाळा, एका व्हायोलिनला मुख्य सूर द्या आणि बाकी कीबोर्डवर भरा.

गोव्याला इथे वडिलोपार्जित फायदा आहे. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत स्वरलेखन वाचणारे, संयोजन करणारे कितीतरी वादक गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली ठळक नावे. चर्चच्या शाळांतून आलेली ती पाश्चात्त्य स्वरलिपीची सवय अजून गावोगाव आहे. मराठी नाटकाच्या साथीला तियात्राचा, म्हणजे कोकणी संगीत रंगभूमीचा, ट्रंपेटवाला बोलवायला आपण उगाच बिचकतो.

पार्श्वगायिकेचे उंच गाणे आमच्या नटीला झेपत नाही.

पट्टी खाली आणा. मूळ गाणे काळी पाचात (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) असेल आणि ती संवाद बोलून धापा टाकत गाणार असेल तर दोन-तीन स्वर खाली घ्या. तालमीत बसून जी पट्टी ठरते ती चुकीची, नाचून झाल्यावर जी ठरते ती खरी.

युगुलगीतात अडचण वेगळी. पुरुष काळी एकात, बाई काळी तीन-चारात. स्टुडिओत दोघांनाही ओढूनताणून एका पट्टीत बसवले जाते. मंचावर तिच्या कडव्याला मध्यमाला षड्ज करा: कीबोर्डवर ट्रान्सपोझ अधिक ५, म्हणजे काळी एकाची काळी तीन होते. मधल्या आठ मात्रांत ही पट्टी बदलायची, ते तबलजीला आधी सांगा.

गाण्यांतल्या लांब संगीताच्या तुकड्यांचे काय करायचे?

चित्रपटात दोन कडव्यांमध्ये वीस ते चाळीस सेकंद वाद्ये वाजतात, कारण कॅमेरा तेव्हा काहीतरी दाखवतो. मंचावर तेवढा वेळ दोघे एकमेकांकडे बघत उभे. तुकडा आठ मात्रांवर आणा, किंवा त्याला काम द्या: नेपथ्य बदल, वेशबदल. वेशबदलाला दोन मदतनीस आणि चापाच्या साड्या धरून चाळीस सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा. ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून, आलेल्या हुकांच्या चोळ्या घेतल्या तर एक मिनिट.

तियात्राकडून काय घेता येईल?

तियात्रात कथेचे 'पडदे' असतात आणि त्यांच्यामध्ये कथेशी संबंध नसलेली कांतारां, म्हणजे गाणी. १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत लुकासिन रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' केला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि तिच्या मुळाशी एका इटालियन ऑपेरा कंपनीचा सहवास होता. कांतार पुढच्या पडद्यासमोर होते, मागे नेपथ्य बदलते. आपल्या रूपांतरात नायकाची 'विसाव्याची' गाणी टाकवत नसतील तर त्यांना कथेत कोंबू नका, अशी पडद्यापुढे काढा. प्रामाणिकपणा राहतो आणि सुतारालाही वेळ मिळतो.

ध्वनी आणि प्रकाशात काय बिघडते?

डोक्याला लावायचे बिनतारी माइक घामाने मुके होतात, एप्रिल-मेमध्ये तर हमखास. नाचणाऱ्या नटाचा माइक गालावर न ठेवता केसांच्या रेषेत कपाळावर बसवा, तारेला केसांपाशी एक गाठ द्या म्हणजे घाम तारेवरून खाली माइकमध्ये उतरत नाही. मध्यंतराला बॅटरी बदलाच, अर्धी उरली असली तरी. मंचाच्या कडेला दोन माइक पडून असू द्या, मुख्य बंद पडला तर नट दोन पावले पुढे येऊन गाईल.

साथीदार विंगेत आठ मीटरवर बसले तर त्यांचा आवाज गाणाऱ्याकडे साधारण २३ मिलिसेकंद उशिरा येतो. द्रुत लयीत ते जाणवते आणि गायक मागे पडतो. एक छोटा मॉनिटर, म्हणजे गायकाला साथ ऐकवणारा स्पीकर, त्याच्या बाजूच्या विंगेत ठेवा.

प्रकाशाचा हिशेब सोपा. १००० वॅटचे सोळा पार (मंचावरचे झोताचे दिवे) म्हणजे १६ किलोवॅट, २३० व्होल्टला जवळजवळ ७० अँपिअर. देवळाच्या घरगुती जोडणीवर हे लावले की पहिल्याच पूर्ण उजेडात फ्यूज जातो, आणि तो उजेड बहुधा पहिल्या समूहगीताचा असतो. तीन फेजवर वाटा किंवा एलईडी घ्या. एलईडीचे सोळा दिवे तीन किलोवॅटच्या आत बसतात. एकच दोष, स्वस्त एलईडी हळूहळू विझत नाहीत, शेवटी टप्पकन जातात. करुण प्रवेशाच्या शेवटाला दोन जुने पार राखून ठेवा.

थंडीत उघड्या मांडवात दव पडते. तबल्याची पुडी उतरते, प्रवेशाला प्रवेश सूर लावावा लागतो. जवळ विजेचा दिवा ठेवून उबेत ठेवा.

मंचावर मागे एलईडी पडदा लावून चित्रपटातलीच दृश्ये दाखवली तर?

नको. हलते चित्र आणि जिवंत नट शेजारी उभे केले की डोळा चित्राकडे जातो. शिवाय त्या दृश्यांचा हक्क वेगळा.

प्रयोगाचे चित्रीकरण करून टाकता येईल का?

रंगमंचाच्या करारात ते स्वतंत्रपणे लिहिलेले असेल तरच. बहुतेक कंपन्या तो हक्क स्वतःकडे ठेवतात. प्रसिद्धीसाठी एकेक मिनिटाचे किती तुकडे टाकता येतील, तो आकडाही करारातच लिहून घ्या, कारण पहिल्या प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकांतले निम्मे फोन वर असतात आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन मंडळाच्या सचिवाला येतो.